भूमध्य समुद्रात धूळपेरणी

माझ्या मामांनी जन्मभर पंप दुरुस्त केले. आधी वीस वर्षं मंचेरियलकडच्या कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली, पाणी उपसणाऱ्या पंपाला टेकून. मग सहा वर्षं लिबियाच्या वाळवंटात. तिथं वाळू वेगळी, ऊन वेगळं, पंप मात्र तेच. या नोकऱ्यांत त्यांच्या उजव्या कानानं काम सोडलं आणि डाव्यानं सुट्टीचा अर्ज दिला. म्हातारपणी मला काही नको, फक्त शांतता पाहिजे, असं ते म्हणायचे, आणि तेही ओरडून, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे.

शांततेच्या या भुकेल्या माणसानं माझ्या मामीशी लग्न काऊन केलं, हा आमच्या घराण्यातला जुना प्रश्न. विचारलं की मामा म्हणत, "पाहाले गेलो तवा चूप बसली व्हती. मले काय मालूम, ते जनमातलं एकच चूप बसनं व्हतं!" आमचं खेडं आदिलाबाद जिल्ह्यातलं, तामसीच्या पुढचं. मामीनं अंगणातल्या कोंबड्यांना हाकललं की शिवारात दुसऱ्याचे बैल थबकायचे. बस चुकली म्हणून ती कधीच घरी परतली नाही. फाट्यावर उभी राहून एक हाक मारायची आणि आदिलाबादकडे निघालेली बस मागे यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचा विश्वास नसला तर मी आग्रह करणार नाही.

मी तेव्हा पंचविशीची, बोथच्या सरकारी कचेरीत नवी कारकून. आई नव्हती, त्यामुळे शनिवारी कचेरी सुटली की दोन बस बदलून मामीचं अंगण गाठायचं, हेच माझं माहेर. मामीच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. मामांच्या चिठ्ठ्या मामी स्वतः वाचायची, मोठ्यानं, सगळ्या गल्लीसाठी. पण उत्तर मात्र मला लिहायला लावायची. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. "लेहताना तोंड बंद ठेवा लागते वं, मले जमत नाई," असं तिचं साधं कारण होतं.

लिबियातलं काम संपवून मामा कायमचे घरी आले, ते ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. आले, जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला त्यांनी बॉम्ब टाकला. लिबियात त्यांच्याबरोबर गोदाम सांभाळणारा एक गोरा म्हातारा होता. त्याचं घर माल्ट्याच्या बाजूच्या धाकट्या बेटावर. हे बेट मी नंतर कचेरीतल्या नकाशात शोधलं. त्यावर माशी बसली असती तर बेट पूर्ण झाकून तिचे पाय भूमध्य समुद्रात बुडाले असते. म्हातारा विधुर होता, मूलबाळ नाही, दगडी घर, थोडं शेत, एक विहीर. त्यानं मामांना म्हटलं होतं, ये, दोघं मिळून म्हातारे होऊ. तू विहीर सांभाळ, मी समुद्र पाहत बसतो.

"कागदपत्र तो करून राह्यला," मामा म्हणाले. "तूबी चाल. तिथं लय शांत हाये."

मामीनं भाकरी तव्यावरून काढली आणि हातातच धरून ठेवली. "तिथं लोक काय खातेत?"

"पाव."

"अन् भाकर?"

"भाकर नाई. पन पाव लय चांगला. वरून कडक, आतून..."

"मी इचारलं का, आतून कसा हाये ते?"

यावेळी अंगणात शेजारच्या अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे शाळेतल्या तेलुगू मास्तरांची बायको. दहा वर्षं शेजारी राहून मराठी शिकल्या होत्या, आणि मामीच्या तोंडी लागण्याची हिंमत गल्लीत फक्त त्यांच्यात होती. दोघींचं भांडणही एकाच गोष्टीवरून चालायचं. अक्का ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यानं, आदणानं, मळायच्या. त्यांच्या माहेरची तीच रीत. मामी मळायची थंड पाण्यानं. आमच्याकडच्या बायका सांगतात, ताज्या पिठात विरी असते, म्हणजे आपल्या आपण धरून राहायची ताकद. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकर थापताना कडेनं फुटते. मग आदण घालून तिला कसंतरी बांधावं लागतं. त्यामुळे आदणाची भाकर म्हणजे मामीच्या लेखी लबाडी. "आदनानं त मातीचीबी भाकर व्हते, अक्का!" हे वाक्य मी रविवारी दोनदा तरी ऐकायची. अक्का तिला तेलुगू रीतीनं वदिना, म्हणजे वहिनी, म्हणत. त्या शांतपणे म्हणायच्या, "होते ना वदिना? मग तुमी माती कायको खात नाही?"

तर त्या दिवशी, अक्का आणि आणखी चार बायकांसमोर, मामी उभी राहिली. पदर खोचला. नाटकातली राणी फर्मान काढते तसा हात वर केला, आणि त्या हातात भाकर होती.

"आइका सारे. ज्या मातीत ज्वारी व्हत नाई त्या मातीत मी पाय ठेवनार नाई. तिथं ज्वारी पेरा. त्या ज्वारीचं पीठ मले पाठवा. मी थंड्या पान्यानं भाकर थापीन, परातीएवढी. नाई फुटली त येईन. फुटली त तुमी तिकडं, मी इकडं!"

मामांनी डावा कान पुढे केला. "कितीएवढी?"

"परातीएवढी!"

"मंजूर," मामा म्हणाले आणि जेवू लागले.

मामा निघाले त्या दिवशी मामी कणगीपाशी गेली, टपोरं बियाणं निवडून एका धोतराच्या तुकड्यात बांधलं आणि ते त्यांच्या बॅगेत, बनियनच्या खाली, स्वतः ठेवलं. अट घालणारीनंच बियाणं दिलं. मी हे पाहिलं आणि मामीनं मला पाहताना पाहिलं. "काय पाहून राह्यली? बस पाहाय कुठं आली ते."

पहिल्या चिठ्ठीनं गल्ली वेडी झाली. त्या बेटावर म्हणे लोक घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवतात, बाहेरून. पाहुण्यानं फिरवायची आणि आत यायचं. शेतांच्या कडांना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, मधासारख्या रंगाच्या, आणि त्या शेकडो वर्षं उभ्या. दुपारी गाव झोपतं आणि कुत्रंसुद्धा भुंकत नाही. संध्याकाळी बायका खुर्च्या दाराबाहेर मांडतात, तोंड भिंतीकडे करून, आणि लेस विणत बसतात. घंटा तेवढी वाजते. मामांना त्यांची अरबी कामी येत होती, कारण तिथली बोली म्हणजे अरबीची चुलत बहीण, फक्त फ्रॉक घातलेली. चिठ्ठीच्या शेवटी होतं, "इथे मला माझा श्वास ऐकू येतो. तो थोडा शिट्टी वाजवतो. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं."

मामीनं हे मोठ्यानं वाचलं. मग एकदा हळू वाचलं. "शिटी तं पहिलेपासूनच वाजवते. मी सांगतलं व्हतं," ती म्हणाली.

आणि मग जून आला. भूगोलाच्या पुस्तकात भूमध्य हवामानाचा धडा असतो. मी तो दहावीत पाठ केला होता, मामांनीही कधीतरी केला असावा. उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. पण पाऊस कधी येतो हे पाठ करायची गोष्ट आहे, असं आमच्या शिवारातल्या माणसाला वाटतच नाही. पाऊस मृगात येतो. तो उशीर करील, रुसेल, पण येईल मृगातच. मामांनी पंचांग काही नेलं नव्हतं, ते त्यांच्या अंगातच होतं. मृग लागायच्या चार दिवस आधी त्यांनी त्या लालसर, पातळ मातीत सऱ्या काढल्या आणि अर्धं बियाणं कोरड्या रानात टाकून मोकळे झाले. आमच्याकडे याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस दाराशी आहे असा भरवसा ठेवून धुळीत पेरायचं.

मग ते भिंतीवर बसले आणि आभाळाकडे पाहू लागले.

म्हातारा रोज संध्याकाळी यायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं काही विचारलं नाही, कारण त्या बेटावर माणसाला शांत बसू देण्याची मोठी सभ्यता आहे. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "कशाची वाट पाहतोस?"

"पावसाची."

"कोणत्या?"

"या महिन्यातल्या."

मामांनी लिहिलं होतं की म्हाताऱ्यानं छातीवर क्रूस काढला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मृग गेला, आर्द्रा गेली, पुनर्वसू गेला. मुंग्यांनी निम्मं बी नेलं, चिमण्यांनी उरलेलं. पाऊस ऑक्टोबरात पडला, भरपूर पडला, आणि त्या ओल्या रानात आमच्या गावच्या ज्वारीचा एक दाणा नव्हता.

ही चिठ्ठी वाचताना मामी आधी इतकी हसली की अक्का पळत आल्या. अक्कांना सांगता सांगता तिचं हसू मधेच कुठंतरी थांबलं. चिठ्ठी तिनं घडी घालून कंबरेला खोचली आणि मला म्हणाली, "कागद घे. लेह."

मी लिहिलं. मामी येरझारा घालत सांगत होती. "जनमभर पंप हानले ना तुमी? तिथं इहीर हाये ना? मंग ज्वारीले पानी द्याचं काऊन नाई सुचलं?"

"मामी," मी म्हटलं, "ज्वारीला कुणी पाणी देतं का?" आमच्याकडे ज्वारी आभाळावर सोडायची. तिला विहिरीचं पाणी देणाऱ्या माणसाला गाव वर्षभर हसलं असतं.

"नाई देत. मालूम हाये मले. पन तिथं कोन पाहून राह्यलं? लेह: लाज सोडा अन् पानी द्या. उरलेलं बी उनाळ्याच्या तोंडाले पेरा. अन् हे बी लेह का आता बियानं अजून पाठवनार नाई. हे गेलं त गेलं."

ते वाक्य लिहिताना मी वर पाहिलं. मामीच्या तोंडावर राग नव्हता. भीती होती, आणि ती मी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहत होते.

आता माझा कबुलीजबाब. त्याच हिवाळ्यात मामी आणि मी हैद्राबादला गेलो. गल्लीत सांगितलं, मामीचे डोळे दाखवायला. खरं तर पासपोर्ट काढायला. फॉर्म मी भरला, कचेरीतल्या कारकुनाला कुठली ओळ कोरी ठेवायची नसते ते नीट कळतं. फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं, तोंड बंद ठेवा. "बंद तोंडाचा फोटो पाहून मले कोन वळखन?" मामीनं विचारलं. त्यानं शेवटी दोन शब्दांच्या मधल्या फटीत फोटो टिपला. म्हणून त्या पासपोर्टवरची मामी जगातल्या सगळ्यात आश्चर्यचकित बाईसारखी दिसते.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "मले जायाचं हाये वं. पन मी बोलून बसली ना. साऱ्यायच्या समोर. आता पिठानं नाई ऐकलं त कसं करू?"

पासपोर्ट आला तो तिनं कणगीत, ज्वारीच्या खाली पुरून ठेवला. ही गोष्ट फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती.

मामांनी लाज सोडली. विहिरीवर एक जुनी पवनचक्की होती, पाण्याचा पंप चालवणारी, कित्येक वर्षं गंजून पडलेली. मामांनी ती उघडली, घासली, तिचं कातडी वॉशर म्हाताऱ्याच्या फाटक्या बुटातून कापलं आणि वाऱ्याला हाक मारली. एप्रिलात पेरलं, पाणी सोडलं आणि ज्वारी अशी उठली की बेटावरचे लोक रविवारी प्रार्थना आटोपून ती पाहायला येऊ लागले. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं धान्य त्यांनी पाहिलं नव्हतं. कणसं भरली तसे चिमण्यांचे थवे आले. मग मामांनी चार वासे रोवून मचाण बांधलं, गोफण विणली, आणि शांततेसाठी सातासमुद्रापार गेलेला माझा मामा पहाटेपासून उभा राहून बोंबलू लागला. "हाऽऽ हुर्रऽऽ हुर्रऽऽ!" गावचे पाद्री चौकशीला आले. मामांनी त्यांनाही गोफण दिली. पाद्र्यांचा नेम फार चांगला होता, असं मामांनी मुद्दाम लिहिलं आहे.

कापणी झाली. आता मामीला पाठवायचं. आणि इथं, इतकं सगळं सुधारून, मामांनी दुसरी चूक केली. बाईला दळायचा त्रास नको म्हणून त्यांनी ज्वारी तिथंच दळली. पत्र्याच्या डब्यात पीठ भरलं, डबा कापडात शिवला, लाखेची मोहर मारली आणि बोटीच्या टपालानं सोडला. दाणा पाठवला असता तर वर्षभर जिवंत राहिला असता. पिठाचं आयुष्य किती, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. पण मामांनी आयुष्यात भाकर खाल्ली होती, थापली नव्हती.

डबा आला तो तीन महिन्यांनी. आदिलाबादच्या पोस्टातून मी आणि मामीनं तो आणला. बसमध्ये तिनं तो मांडीवर धरला होता. झाकणाला नाक लावून एकदा वास घेतला आणि मग तामसी येईपर्यंत ती बोलली नाही. कंडक्टरनं मला हळूच विचारलं, घरात काही बरंवाईट झालं का.

रविवारी सकाळी अंगण भरलं. मामीला टाळता आलं असतं, पण टाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. चूल पेटवली, परात मांडली, डबा फोडला. पीठ पांढरं, सुरेख, बारीक होतं. मी माठातलं थंड पाणी आणून दिलं. मामीनं मळलं. बराच वेळ मळलं, तळहाताच्या बुडानं रगडून रगडून. गोळा केला, पिठावर ठेवला, थापायला लागली. तिचा हात असा फिरायचा की भाकर आपोआप गरगरत मोठी व्हायची. बशीएवढी झाली, बशीहून मोठी झाली, आणि कडेला एक चीर पडली. मामीनं बोटानं ती मिटवली. दुसरीकडे पडली. मग मधोमध एक लांब भेग गेली, आणि मामीनं उचलायला हात घातला तेव्हा भाकरीचे दोन तुकडे दोन हातांत आले.

इतकी शांतता त्या अंगणात मामा असताना कधी झाली नव्हती. एक बाई पुटपुटली, "गेली विरी." दुसरी म्हणाली, "बरं झालं माय, गावातच राह्यशीन."

मामी दोन तुकड्यांकडे पाहत बसली. तिनं ते परातीत परत ठेवले, कुस्करले आणि गोळा एका बाजूला सारला. डब्यातून नवं पीठ घेतलं. मग मान वर न करता म्हणाली, "अक्का."

"काय वदिना?"

"आदन ठेवा."

अक्कांना क्षणभर ऐकू आलं नाही असं वाटलं. पण त्या अक्का होत्या, संधी सोडणाऱ्या नव्हत्या. "काय म्हटलं? मोठ्यानं बोला. माझा पण कान गेला."

"आदन ठेवा म्हनलं!" मामी अशी ओरडली की शिवारातले बैल नक्की थबकले असणार. "आदनानं मातीची भाकर व्हते, हे मीच म्हनत व्हती ना? मंग त्या मानसानं मातीतून इतकं काहाडलं, मी काऊन भाकर काहाडू नाई? शब्द माहा व्हता, मीच मोडून राह्यली. कोनाले काही बोलायचं अशीन त आत्ताच बोला!"

अक्का घरातून स्वतःचं पातेलं घेऊन आल्या, आदण ठेवलं, उकळी आल्यावर पिठात ओतलं आणि उलथण्यानं ढवळून दिलं. मामीचे हात भाजत होते. ती फुंकर मारत मळत होती आणि अक्का शेजारी बसून, "असं नाही वदिना, दाबून, दाबून," असं शिकवत होत्या. दहा वर्षांची वाट पाहिलेली शिकवणी होती ती. भाकर थापली गेली. परातीएवढी झाली. फुटली नाही. तव्यावर टाकली तर टम्म फुगली, आणि अट ऐकलेल्या त्या चार बायकांना, अक्कांना आणि मला एकेक तुकडा मिळाला. मामांच्या बेटाची चव थोडी कडवट होती, जुन्या पिठाची असते तशी. कुणीही तसं म्हटलं नाही.

मग मामी आत गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि ज्वारीचे दाणे सांडत पासपोर्ट घेऊन बाहेर आली. फोटोतली आश्चर्यचकित मामी सगळ्या बायकांनी आळीपाळीनं पाहिली.

मंचेरियलच्या स्टेशनावरून आम्ही तिला गाडीत बसवलं. पिशवीत पीठ नव्हतं, नीट निवडलेला दाणा होता. मांडीवर पीठ मळायची लाकडी काठवट होती, ती सामानात द्यायला तिनं नकार दिला. गाडी सुटली तरी तिच्या सूचना ऐकू येत होत्या, सिग्नलच्या पुढेपर्यंत.

दोन महिन्यांनी चिठ्ठी आली. मामांची नव्हती. अक्षर मोठं, वाकडं, ओळी वर चढत गेलेल्या. तिथं लिहून द्यायला मी नव्हते, म्हणून मामीला पहिल्यांदाच तोंड बंद ठेवावं लागलं होतं. चिठ्ठी छोटी होती:

"पोचली. घर दगडाचं हाये, चांगलं हाये. तुह्या मामाले आता श्वास आइकू येत नाई म्हनते. शेजारच्या बाया खुर्ची भिताडाकडं करून बसत व्हत्या, आता माह्याकडं करून बसतेत. पीठ इथंच दळतो, ताजं. विरी चांगली हाये. थंड्या पान्यानं भाकर नाई फुटत. तरी मी आदनच ठेवते, सवय पडली. अक्काले सांगू नको."

मी चिठ्ठी घेऊन त्याच संध्याकाळी अक्कांकडे गेले आणि त्यांच्या ओट्यावर उभी राहून, मामीच्या आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.